आजीची मसूरडाळ आणि हलका हात

प्रश्न : ताई, माझं वय २६. बार्शीत एका पतसंस्थेत नोकरी करते, रोज स्कूटीवरून ये-जा असते. मार्गशीर्षात लग्न आहे. बाजारातल्या क्रीमची भीती वाटते म्हणून घरच्या घरी नैसर्गिक काहीतरी करायचं ठरवलं. मोबाइलवर बघून लिंबाचा रस आणि साखर एकत्र करून आठवड्यातून तीन-चारदा चेहऱ्याला चोळायला लागले. पहिल्या दोन वेळा चेहरा इतका गुळगुळीत लागला की फार आनंद झाला. आता महिना होत आला. तोंड धुतलं की गाल चुरचुरतात, नाकाच्या दोन्ही बाजू लाल दिसतात, हनुवटीवर बारीक पुळ्या आल्यात आणि गालांच्या हाडांवर काळपट पट्टे उमटलेत. आजी म्हणते, मसुराची डाळ दुधात भिजवून लाव, आम्ही तेच केलं. आई म्हणते, आता काहीच लावू नकोस. साखरपुड्यात सासरकडच्या एक बाई म्हणाल्या, 'तोवर जरा रंग उजळेल असं बघ.' ते मनातून जात नाही. घरी काय केलं तर चालेल? आणि रंग खरंच उजळतो का?
– गोंधळलेली, बार्शी

उत्तर : लिंबू-साखर आजपासून बंद. एवढं आधी मनाशी पक्कं कर आणि मग पुढचं वाच.

तुझी आई बरोबर सांगते आहे आणि आजीही. आई आत्तापुरती बरोबर आहे, आजी तीन आठवड्यांनंतर. दोघींचं ऐकायचं, फक्त क्रमाने.

आधी चेहऱ्याला झालंय काय ते समजून घे, म्हणजे पुन्हा कोणी तेच नव्या नावाने सुचवलं तर तुला ओळखू येईल. शाळेत सामू शिकलो होतो ना आपण, आम्ल-आम्लारीचा? आपल्या त्वचेचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो, म्हणजे ती मुळातच किंचित आंबट असते आणि त्या आंबटपणामुळेच तिचं जंतूंपासून रक्षण होतं. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या थोडा वर. या मोजपट्टीवर एक पायरी खाली म्हणजे आम्लता दहापट, त्यामुळे त्वचा आणि लिंबाचा रस यांतला फरक शेकडो पटींचा आहे. असा रस तू महिनाभर आठवड्यातून तीन-चारदा चोळलास. चुरचुर होते आहे ती त्याची.

काळे पट्टे मात्र एकट्या आम्लाचे नसावेत. लिंबाच्या सालात आणि थोड्या प्रमाणात रसातही काही द्रव्यं अशी असतात की ती त्वचेवर असताना ऊन पडलं तर तिथे भाजल्यासारखं होतं. लिंबू हाताने पिळताना सालातलं तेलही रसात उतरतं. परिणाम लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी दिसतो, म्हणून कुणाला लिंबाचा संशयही येत नाही. लालसरपणा जातो आणि मागे काळा-तपकिरी डाग राहतो, तो काही आठवडे, कधी काही महिने. भर उन्हात बसून लिंबं पिळणाऱ्यांच्या हातांवरही असे डाग उठतात. डॉक्टर याला फायटोफोटोडर्मटायटिस म्हणतात. तू स्कूटीवरून जातेस, आणि समोरून येणारं ऊन नेमकं गालांच्या हाडांवर पडतं. त्यामुळे माझा अंदाज तिकडेच जातो. खात्री डॉक्टर बघूनच सांगतील.

आता साखर. किराणातली साखर पांढऱ्या ताटलीत चार दाणे टाकून उजेडात नीट बघ. प्रत्येक दाण्याला सरळ कडा आहेत, कोपरे आहेत. पाण्यात विरघळते म्हणून साखर सौम्य, असं सांगतात, पण विरघळायच्या आधी ती चोळली जाते आणि लिंबाच्या थोड्याशा रसात तर ती धड विरघळतही नाही. अंगाला, कोपरांना, टाचांना चालेल. चेहऱ्याची कातडी, विशेषतः डोळ्यांखालची, त्यापेक्षा कितीतरी पातळ असते.

मग पहिल्या दोन वेळा इतकं छान का वाटलं? त्यातच सगळं उत्तर आहे. त्वचेच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात, वर येईपर्यंत वाळून मरतात आणि शेवटी गळून पडतात. तुझ्या वयात हा फेरा साधारण महिन्याभराचा असतो, चाळिशीनंतर त्याला आणखी वेळ लागतो. म्हणजे हे काम त्वचा आपलं आपण करतच असते. कधी वरच्या मेलेल्या पेशी गळायच्या राहून जातात, चेहरा निस्तेज, खरबरीत लागतो, तेवढ्या हलकेच काढून टाकल्या की झालं. घराच्या भिंतीचा रंग पोपडा धरून सुटला असेल तिथे बोट लावलं तरी तो गळतो. जिथे रंग भिंतीला धरून आहे तिथे खरवडत बसलं तर गिलावा निघून येतो. पहिल्या दोन वेळा तू पोपडे काढलेस. तिसऱ्या वेळेपासून गिलावा काढते आहेस.

म्हणून चेहऱ्यासाठी घरी जे काही करशील त्याची एकच परीक्षा: जे आपसूक सैल झालंय तेवढंच निघतंय ना? पदार्थ डाळीचा आहे की फळाचा, महागाचा की स्वस्ताचा, हे नंतरचं. आधी कण किती बारीक, किती मऊ आणि हात किती हलका, हे बघायचं.

आणि एक. बाजारातल्या क्रीमची भीती वाटते म्हणून नैसर्गिक, असं तू लिहिलंयस. ती भीती मला समजते, बाजारात वाईट माल भरपूर आहे. पण लिंबातलं सायट्रिक आम्ल झाडावर तयार झालं म्हणून चेहऱ्यावर त्याचा गुण बदलत नाही. बिब्बाही झाडाचाच असतो, आणि बिब्बा उतला की कातडीची काय दशा होते ते आजीला विचार. घरचं आहे म्हणून कितीही लावलं तरी चालतं, हा समज मनातून काढ.

पुढचे तीन आठवडे डाळ, पीठ, दही, हळद, कोरफड, काही म्हणजे काही नाही. सकाळी फक्त साध्या पाण्याने तोंड धुवायचं, कोमट, गरम नाही. रात्री घरी आल्यावर धूळ-घाम काढायला सौम्य, बिनवासाचा फेसवॉश, तो नसेल तर ग्लिसरीनचा साबण, तोही एकदाच. पंच्याने टिपायचं, पुसायचं नाही. चेहरा ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. नाकाच्या बाजूला जास्त जळजळ असेल तर तिथे रात्री पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरव, पण हनुवटीवर पुळ्या आहेत तिथे नको. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर चेहऱ्यापुरतं प्यायचं पाणी घे, तांब्याभर पुरतं.

आणि ऊन. गणपती उठले, आता ऑक्टोबरची तलखी सुरू होईल. काळे पट्टे जायचे असतील तर सगळ्यात मोठं औषध सावली हेच आहे. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन घराबाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लाव. सध्या चेहरा हुळहुळा आहे म्हणून झिंक ऑक्साइडचं घे, ते कमी झोंबतं. दोन बोटांवर लांब रेघ ओढशील एवढं लागतं, वाटाण्याएवढं पुरत नाही. वर सुती ओढणी किंवा स्कार्फ, आणि तो रोज धुतलेला. आठवडाभर तोच घामट स्कार्फ हनुवटीवर घासत राहिला तर तिथल्या पुळ्या डाळीने जाणार नाहीत आणि डॉक्टरांनीही जाणार नाहीत.

तीन आठवड्यांनी तोंड धुतल्यावर चुरचुर पूर्ण थांबलेली असेल तर आजीकडे जायचं. थोडीही होत असेल तर आणखी एक आठवडा थांब.

आजीच्या डाळीबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण यात आपल्या बायकांची फार बारीक समज आहे आणि ती 'मसूर फेसपॅक' असं नाव लावून अर्धवट सांगितली जाते. माझी मावशी वाईला असायची. तिच्याकडे दिवाळीआधी आठ दिवस हे काम निघायचं. डाळी उन्हात वाळवायच्या, जात्यावर दळायच्या, मग धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं धोतराचं फडकं पातेल्याच्या तोंडाला ताणून बांधायचं. त्यावर पीठ ओतून ती तळहाताने गोल गोल फिरवायची. बारीक होतं ते फडक्यातून खाली झिरपायचं, जाड वर राहायचं. यालाच वस्त्रगाळ म्हणतात. वरचं उरलेलं ती पायांना, टाचांना लावायला वेगळ्या डब्यात ठेवायची, चेहऱ्याच्या डब्यात कधीच मिसळायची नाही. आम्ही मुली घाई करून नुसत्या चाळणीने चाळायला गेलो की ती चिमूटभर पीठ अंगठा आणि तर्जनीत धरून आमच्या कानाशी आणून चोळायची. 'खसखस ऐकू येते ना? मग अजून नाही झालं.' जे कानाला ऐकू येतं ते गालाला टोचतं, हे तिचं माप. मी आजही तेच वापरते.

डाळ सालाची, अख्खी मसूर नको, तिचं साल कठीण असतं. केशरी, सोललेली डाळ घे. एक वाटी डाळ ओल्या फडक्याने पुसून उन्हात दोन तास ठेव. मिक्सरच्या लहान भांड्यात थांबत थांबत फिरव, एकसारखं फिरवलंस तर पीठ गरम होऊन भांड्याला चिकटतं. आधी मैद्याच्या चाळणीने चाळ, मग वस्त्रगाळ कर. कोरड्या काचेच्या बरणीत ठेव, कोरडा चमचा वापर, दोन महिन्यांत संपव. ही झाली कोरडी पद्धत.

तुझी आजी सांगते आहे ती भिजवायची पद्धत, आणि तुझ्यासाठी मला तीच जास्त पसंत आहे. सुक्या डाळीचा कण कितीही बारीक केला तरी कडक असतो. रात्रभर भिजलेली डाळ पाट्यावर वाटली तर कण मऊ होतो, दाबला की चेपतो. दोन चमचे डाळ धुऊन बुडेल एवढ्या दुधात भिजवायची. सकाळी पाट्यावर किंवा खलबत्त्यात वाटायची, देवाचं गंध असतं तितकी एकजीव होईपर्यंत. मिक्सरमध्ये एवढीशी डाळ नीट फिरत नाही आणि मग तशीच भरड लावली जाते, म्हणून पाटा नसेल तर सरळ वस्त्रगाळ पीठ दुधात कालवून दहा मिनिटं ठेव, तेही बऱ्यापैकी मऊ होतं. भज्याच्या पिठापेक्षा सैल असावं.

दूध की दही, हे विचारशीलच. दुधात थोडा स्निग्धपणा असतो, त्यामुळे कण घसरतात, ओरबाडत नाहीत. अभ्यंगात आधी तेल आणि मग उटणं हा क्रम आहे त्यामागचं कारणही हेच. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथातल्या दिनचर्येतही अभ्यंग आधी येतो, उद्वर्तन म्हणजे उटणं चोळणं त्यानंतर. चेहरा कोरडा पडत असेल तर दूध. साय नको, तुला पुळ्या आहेत. चेहरा पूर्ण बरा झाल्यावर आणि नाक-कपाळ तेलकट वाटत असेल तर दुधाऐवजी ताजं, गोडसर दही. दह्यात लॅक्टिक आम्ल असतं, तेही मेलेल्या पेशी सैल करतं, पण फार सौम्यपणे, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा ठेवू नको. चार दिवसांचं आंबट झालेलं दही कढीला ठेव.

लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावून बघ, धुऊन टाक आणि दोन दिवस वाट बघ. खाज, लाली, पुरळ यांतलं काही आलं तर ते तुझ्यासाठी नाही, आजीला कितीही मानवलेलं असो.

आता हात. यात सगळे चुकतात. चेहरा आधी पूर्ण ओला हवा. लेप लावून तो सुकू द्यायचा, त्याला तडे गेले की मग खसाखसा चोळून काढायचा, असं पुष्कळ घरांत चालतं. तसं करू नको. सुकलेलं पीठ त्वचेतलं पाणी ओढतं आणि काढताना ती ताणली जाते. लेप ओला असतानाच, तीन-चार मिनिटांत, पाण्याने बोटं भिजवून अनामिकेने लहान लहान गोल फिरवायचे. अनामिकेने अशासाठी की त्या बोटात जोर कमी असतो. तान्ह्या बाळाच्या पापणीवरून बोट फिरवशील तेवढाच दाब. सगळ्या चेहऱ्यावर मिळून एक मिनिट, त्याहून जास्त नाही. डोळ्यांखाली, ओठांच्या कडेला आणि जिथे पुळी आहे तिथे बोट न्यायचंच नाही. भरपूर पाण्याने धू, टिप, लगेच मॉइश्चरायझर लाव. नंतर आरशात गाल लाल दिसले तर हात जड पडला असं समज. करायचं शक्यतो सुट्टीच्या दिवशी, घरात असशील तेव्हा, म्हणजे ताज्या त्वचेवर लगेच ऊन पडत नाही.

आठवड्यातून एकदा. हे वाक्य तू अधोरेखित कर. दोनदा केलं म्हणजे दुप्पट चमक, असं इथे होत नाही. आयब्रो, अप्परलिपचं थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग केलं असेल तर पुढचे तीन दिवस डाळीला सुट्टी. डॉक्टरांनी पुळ्यांसाठी अडॅपलीन किंवा ट्रेटिनॉइन असलेलं जेल दिलं तर त्या काळात पूर्ण बंद, कारण ती औषधंही हेच काम करतात आणि दोन्ही मिळून त्वचा सोलली जाते.

बाकीच्या पदार्थांबद्दल थोडक्यात सांगते, कारण व्हिडिओ पाहणं काही थांबणार नाही. ओट्स बारीक दळून पाण्यात भिजवले तर फार सौम्य असतात, हुळहुळ्या त्वचेला त्यांनी आरामही पडतो, ते डाळीइतकेच मला आवडतात. मोदकांसाठी आणलेली तांदळाची पिठी डब्यात उरली असेल तर तीही चालेल, पण एकटी नको. माझ्या बोटांना ती डाळीपेक्षा टोकदार लागते, म्हणून निम्मी मसूर घालूनच वापर. मुलतानी माती तेल शोषते, तुझ्या आत्ताच्या कोरड्या, चुरचुरत्या चेहऱ्याला ती नको. पिकलेल्या पपईचा गर चालतो, कच्च्या पपईचा चीक मात्र त्वचेला पोळतो, त्याच्या जवळही जाऊ नको. कॉफीचा चोथा पायांसाठी ठेव. खाण्याचा सोडा कधीच नाही, तो लिंबाच्या उलट टोकाचा, क्षारी आहे आणि त्याने त्वचेची आंबट साय पार धुऊन निघते. अक्रोडाच्या कवचाची पूड दिसायला बारीक, पण तिचे कण तुटक्या काचेसारखे असतात. पुळीवर जायफळ उगाळून लावायला कोणी सांगेल, तेही नको, झोंबतं आणि मागे डाग ठेवतं.

संत्र्याच्या सालीबद्दल मी स्वतः शिकले आहे. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या आधी, मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, वाळवलेली साल मिक्सरमधून काढली, चाळायचा कंटाळा केला आणि दहा दिवस रोज चोळली. गालांवर बारीक ओरखडे उठले, ते भरून आले तिथे ठिपके राहिले. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी मान वळवून उभी आहे. ठिपके जायला सहा-सात महिने लागले. तुझं पत्र वाचताना मला ते दिवस आठवत होते, म्हणून इतकं कळकळीने लिहिते आहे.

मध्ये दिवाळी येईल आणि नरकचतुर्दशीला घरात उटणं निघेल. अंगाला जरूर लाव, तेल लावून मग. चेहऱ्याला यंदा लावू नको. बाजारच्या उटण्यात नागरमोथा, गवला कचरा, आंबेहळद, वाळा, संत्र्याची साल असं बरंच असतं, पूड अनेकदा भरड असते आणि वर सुगंध घातलेला असतो. पाकिटावर बावची लिहिलेली दिसली तर अंगाला लावूनही उन्हात जाऊ नको. बावचीतल्या द्रव्याने त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून तर ती पांढऱ्या डागांच्या उपचारात वापरतात. तुझ्या काळ्या पट्ट्यांना ती अजिबात परवडणारी नाही. आणि आंघोळीला नायलॉनची जाळी किंवा घोसाळ्याचा काथ्या वापरत असशील तर खांदे, पाठ, गळ्याखालचं हाड इथे जोर लावू नको. वर्षानुवर्षं घासून तिथे काळे पट्टे पडतात आणि बायका ते मळाचे समजून आणखी घासतात.

आता तुझा खरा प्रश्न, जो तू शेवटी एका ओळीत लिहिलास.

रंग उजळत नाही. डाळीने नाही, दह्याने नाही, हळदीने नाही. आपला रंग त्वचेच्या तळाशी तयार होतो, आपण वरून काढतो ते मेलेले पापुद्रे असतात. ते निघाले की पृष्ठभाग सपाट होतो, त्यावरून उजेड एकसारखा परततो आणि चेहरा तुकतुकीत दिसतो. तू तुझ्याच रंगात ताजी दिसशील, घरच्या उपायांनी एवढंच होतं आणि एवढं पुष्कळ आहे. उलट आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ त्वचेला जरा कुठे इजा झाली, घासलं, भाजलं, पुळी फोडली, की ती तिथे जास्त रंग तयार करते. गोरं व्हायला घासणाऱ्या मुली काळे डाग घेऊन डॉक्टरांकडे जातात त्या यामुळे. तुझ्याही गालांवर तेच झालंय.

त्या बाईंचं वाक्य मनातून जात नाही म्हणालीस. जाणार नाही लवकर, असली वाक्यं राहतात. पण ज्या मुलाने तुला पसंत केलं त्याने तुझा हाच चेहरा पाहिला होता. त्याच्याशी एकदा हे मोकळेपणाने बोल. तुला वाईट वाटलं हे त्याला लग्नाआधी कळायला हवं, आणि तो त्यावर काय म्हणतो हे तुलाही कळायला हवं.

आणि रंगाच्या नादात मेडिकलमधून कुणीतरी सुचवलेली गोरेपणाची ट्यूब आणू नको. आठ-दहा दिवसांत चेहरा उजळल्यासारखा दिसतो, कारण त्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. पुढे कातडी पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पुळ्या येतात, लव वाढते आणि क्रीम बंद केलं की चेहऱ्याची आग होते. २०१८ साली सरकारने अशी अनेक स्टेरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला, तरी दुकानातून ती सहज मिळतात. 'मोमेटासोन', 'क्लोबेटासॉल', 'बीटामेथासोन' यांतलं काहीही ट्यूबवर दिसलं तर परत कर.

डॉक्टरांकडे कधी जायचं? तीन-चार आठवडे सगळं बंद ठेवूनही चुरचुर थांबली नाही, पुळ्या दुखायला लागल्या, पू झाला किंवा पट्टे दिवाळीपर्यंत जराही फिके झाले नाहीत, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बार्शीत नसतील तर सोलापूरला. जाताना लिंबू-साखर किती दिवस लावलं ते न लाजता सांग. लग्नाला वेळ आहे तोवर गेलेलं चांगलं. आदल्या आठवड्यात गेलीस तर त्यांच्याही हातात फार काही राहत नाही.

सगळं ठीक झालं तर दिवाळीच्या आसपास पहिल्यांदा आजीची डाळ लागेल, आणि लग्नापर्यंत चार-पाच वेळा. तेवढं पुरे आहे. शेवटची वेळ हळदीच्या निदान पाच दिवस आधी. लग्नाच्या आधीच्या पंधरा दिवसांत कुठलाही नवा पदार्थ, नवं फेशियल, ब्लीच काही नको, मैत्रिणींनी कितीही आग्रह केला तरी. हळदीच्या दिवशी सगळ्या बायका भरभरून हळद लावतील, ती लावू दे. काढताना मात्र कुणाला चोळू देऊ नको. आधी दुधाने ओली कर, मग पाण्याने जाऊ दे. पिवळेपणा एखादा दिवस राहिला तर राहू दे, नवरीच्या अंगावर तो शोभतो.

शनिवारी रात्री डाळ भिजवलीस तर दूध फ्रीजमध्ये ठेव, बाहेर राहिलं तर सकाळपर्यंत नासेल. वाटलेलं त्या एका वेळेपुरतंच, उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नको, त्यात जंतू फार लवकर वाढतात. आणि पाट्यावर वाटायला आजीलाच बसव. 'झालं' हे तिला म्हणू दे, तू म्हणू नको.